होस्टेलला विचारायचा एक प्रश्न



बारावीचे निकाल लागले की आपल्या गल्फकर आईबापांचा ठरलेला सीझन सुरू होतो. सीआयडब्ल्यूजीसी कोट्यात कुठे काय मिळतंय, फी डॉलरमध्ये की रुपयांत, होस्टेलला एसी आहे का, मेसमध्ये अंडं देतात का, रात्री वायफाय बंद करतात का. हे सगळे प्रश्न मी पण विचारलेत, आणि एक्सेल शीट करून विचारलेत (इंजिनिअर माणूस, सवय जात नाही). त्या शीटमध्ये आता मी एक रकाना वाढवलाय. ज्यांची मुलं येत्या वर्षा-दोन वर्षांत निघणार आहेत त्यांनीही तो वाढवावा, म्हणून हा पत्रप्रपंच. प्रश्न साधा आहे: मुलाला संसर्गजन्य आजार झाला तर तुम्ही त्याला कुठे ठेवता?

बहुतेक होस्टेलांचं उत्तर दोन शब्दांत येतं. "घरी पाठवतो."

आता आमचं घर आहे मदिनत अश शमालला. दोहात राहणारे मित्रसुद्धा "अरे बापरे, तिकडे कोण राहतं?" असं विचारतात. शमाल म्हणजे अरबीत उत्तर दिशा, आणि कतारच्या नकाशावर बोट वर वर सरकवत नेलं की जमीन संपायच्या थोडं आधी आमचं गाव लागतं. दोहापासून शंभरावर किलोमीटर. बाजूला रुवैसचं मच्छीमार बंदर, थोडं पलीकडे झुबाराचा किल्ला, आणि नोकरीसाठी रोज रास लाफानची वारी. शांत गाव. वारा सुटला की खिडकीच्या फटीतून वाळू आत येते आणि शुक्रवारी चार मराठी घरं मिळून मिसळ करतात. इतकंच आमचं शमाल. होस्टेलच्या रजिस्टरमध्ये "कायमचा पत्ता" या रकान्यात हे गाव लिहिलं तेव्हा तिथल्या क्लार्कने दोनदा विचारलं होतं, "हे नक्की कुठे आलं साहेब?"

मुलीला पुण्याला का पाठवलं, हे इथे कोणाला सांगायला नको. दोहाच्या एज्युकेशन सिटीत अमेरिकन विद्यापीठांच्या शाखा आहेत, पण तिथली फी आणि प्रवेश दोन्ही आपल्या हाताबाहेरचं काम. २०२१ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली संस्थाही दोहात सुरू झाली, तिचा पुष्कळांना फायदा झाला. पण लेकीला मेकॅनिकल करायचं होतं. मग पुणं. २०२२ ला ती गेली. तिघींची खोली, मजल्यावर सहा बाथरूम, खाली मेस, गच्चीवर टाक्या. तुम्ही-आम्ही राहिलो तसंच, फक्त कूलरच्या जागी एसी.

फेब्रुवारी २०२४. रविवार. इथे रविवार कामाचा, तिकडे सगळं बंद. आमच्या सव्वानऊला म्हणजे तिकडच्या पावणेबाराला फोन आला. "बाबा, पाठीवर आणि पोटावर फोड आलेत. पाण्यानं भरलेले. ताप पण आहे." फोटो पाहिल्यावर सौ. म्हणाली, "कांजिण्या. डॉक्टर नंतर सांगू दे, मी आत्ताच सांगते." डॉक्टरांनी संध्याकाळी तेच सांगितलं. लहानपणी तिला लसीचा एक डोस दिलेला होता, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे. आता दोन डोस देतात. एका डोसाने आजार बेताचा होतो, पण पुष्कळदा होतो, आणि दुसऱ्यालाही होऊ शकतो. आपल्या सरकारी लसीकरणात कांजिण्यांची लस नाही, ती ज्याने त्याने खाजगीत घ्यायची. म्हणजे होस्टेलच्या एका मजल्यावर कोणाला झालेल्या, कोणाला लस दिलेली, कोणाला दोन्ही नाही, अशी सरमिसळ असते.

दुपारी रेक्टरबाईंचा फोन. आवाजात राग नव्हता, भीती होती. "मजल्यावर साठ मुली आहेत. संध्याकाळपर्यंत तिला घरी न्या."

घरी म्हणजे कुठे? शमालला? कांजिण्यांचा पेशंट विमानात घेत नाहीत. नवे फोड यायचे थांबून सगळ्यांवर खपली धरली की मगच प्रवास, आणि ते बरोबरच आहे. साडेतीन तास बंद डब्यात दोनशे माणसं, त्यात कोणी गरोदर असेल, कोणाची केमो चालू असेल. मग लोकल गार्डियन म्हणून जिचं नाव लिहिलं होतं ती मावशी, सहकारनगरला. पण तिच्या सुनेला सातवा महिना लागलेला. गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाच्या जिवावर. मावशी फोनवर रडायला लागली. "मी नाही म्हणू कशी?" मी म्हटलं, "मावशी, तू नाही म्हण. मीच नाही म्हणतोय."

म्हणजे बघा, पोरीला पुण्यात नातेवाईक होते, खिशात पैसे होते, हातात फोन होता, आणि तरी संध्याकाळी पाच वाजता तिला जायला जागा नव्हती. हॉटेलात खोटं बोलून ठेवायचं? तो विचार मनात आला आणि गेला. उद्या त्याच खोलीत कोणाचं तान्हं मूल येणार.

तेव्हा आमच्या कंपनीतल्या कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याची आठवण झाली. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांचा वारज्याला फ्लॅट आहे, वर्षातले अकरा महिने कुलूपबंद. मी फोन करून आधी आजाराचं नाव सांगितलं, मग विचारलं. ते म्हणाले, "अरं विचारतोस काय! किल्ली शेजारच्या काकूंकडं हाय. सिलिंडर भरल्याला हाय. फक्त बोअरचं पाणी पिऊ नका म्हणावं." काकूंना पण आधी खरं सांगितलं, घरात लहान मूल किंवा गरोदर कोणी आहे का ते विचारलं. नव्हतं. काकू म्हणाल्या, "मला दुसरीत असताना झाल्यात. येऊ दे पोरीला."

आता तिला तिथवर न्यायचं कोणी? तिच्या खोलीतली एक मुलगी. तिच्याबद्दल मी तिला विचारूनच लिहितोय, नाव लिहीत नाही. सातपुड्याकडची, नंदुरबार जिल्ह्यातली. कपाळावर कांजिण्यांचा जुना वण. "मला झाल्यात लहानपणी, मी नेते," एवढं बोलून तिने दोघींच्या पिशव्या भरल्या. रिक्षावाल्याला बसायच्या आधी सांगितलं, हिला कांजिण्या आहेत. पहिला नाही म्हणाला. दुसरा वयस्कर होता, म्हणाला, "माझ्या होऊन गेल्या, बसा. वाऱ्याला बसू नको बाळा, मध्ये सरक." ती मुलगी दोन रात्री तिथे राहिली. भात-वरण केलं, औषधाच्या वेळा पाळल्या. सौ. त्याच रात्रीच्या विमानाने मुंबईला आणि सोमवारी दुपारी वारज्यात. तिलाही लहानपणी सांगलीत झालेल्या, त्यामुळे काळजी नव्हती. तिसऱ्या रूममेटला ना आजार झालेला ना लस. तिने डॉक्टरांना विचारून तीन दिवसांच्या आत लस घेतली. संपर्कानंतर इतक्या लवकर घेतली तर ती उपयोगी पडते. दोन हजारांच्या आसपास खर्च आला, तो आम्ही दिला. तिला काही झालं नाही. दहाव्या दिवशी लेकीच्या सगळ्या खपल्या धरल्या, बाराव्या दिवशी ती वर्गात.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. दहा दिवसांचा आजार, सगळ्यांनी मदत केली, आभारी आहोत, कळावे. पण त्या बारा दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली. रेक्टरबाईंनी वाईटपणा केला नाही. त्यांच्याकडे खोलीच नव्हती. साठ मुलींच्या मजल्यावर एक रिकामी खोली आणि तिला जोडलेलं एक बाथरूम, एवढं असतं तर दुपारचा तो फोन वेगळा झाला असता.

आपल्याला हे नवीन नाही. मार्च २०२० आठवा. १० तारखेपासून कतारमधल्या शाळा-विद्यापीठं बंद, त्याच आठवड्यात एकाच निवासी संकुलात दोनशेहून जास्त कामगार पॉझिटिव्ह, आणि मग दोहाच्या इंडस्ट्रियल एरियाचा मोठा भाग बंद. एका खोलीत सहा-आठ माणसं, एक स्वयंपाकघर, एक संडास. कॅम्प काय आणि होस्टेल काय, विषाणूच्या दृष्टीने एकच पत्ता. मी तेव्हा आमच्या साईटच्या एका निवासाची यादी सांभाळत होतो. एक ब्लॉक रिकामा करून तिथे आजारी माणसं ठेवली होती. काय चाललं आणि काय नाही ते जवळून पाहिलं. चार गोष्टी चालल्या: वेगळी खोली, दाराशी डबा, दिवसातून दोनदा फोन, आणि पगार कापणार नाही हा शब्द. यातली चौथी गोष्ट जाहीर झाली त्या दिवशी आमच्या यादीत एकदम नऊ माणसं वाढली. आजार त्या दिवशी वाढला नव्हता, सांगणारे वाढले होते.

होस्टेलमधला पगार म्हणजे हजेरी. पंचाहत्तर टक्के नाही भरली तर परीक्षेला बसता येत नाही. त्यावर "आजारी पडलास तर खोली सोड" हा नियम. दोन्ही मिळून पोराला एकच शिकवण मिळते: ताप आला तर गोळी घे, जाकीट घाल आणि वर्गात बस. मग फ्लू मजलाभर होतो आणि आपण म्हणतो, हल्लीची पोरं बेजबाबदार.

हे लपवणं तर पुण्याला सव्वाशे वर्षं माहीत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करून पहिली स्वतःला टोचून घेतली. म्हणजे आपल्याकडच्या साथीच्या इतिहासात कॉलेजचं आवार सुरुवातीपासून आहे. तोवर साथ पुण्यात आली होती. मार्च १८९७ पासून रँडच्या कमिटीने सोल्जर घालून घरं तपासायला सुरुवात केली. आजारी माणूस सापडला की उचलून इस्पितळात आणि घरातल्या बाकीच्यांना छावणीत. परिणाम काय, तर लोकांनी आजारी माणसं लपवली. माळ्यावर, धान्याच्या कोठारात, जिथे जमेल तिथे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमधून परतताना रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो.

त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई गेल्या. यशवंतरावांनी हडपसरकडे ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. वय सहासष्ट.

आणि गंमत बघा. ज्या गव्हर्नमेंट हाऊसमधून रँड निघाला होता ती इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाईंचं. आजारी माणसाशी वागायच्या दोन रीती, एकाच आवारात. एक सांगते बाहेर काढा, दुसरी सांगते घेऊन या. लेकीच्या मार्कशीटवरचं ते नाव मी आता वेगळ्या नजरेने वाचतो.

पण नाव वाचणं सोपं असतं. खरी परीक्षा आमची ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली.

ती सातपुड्याकडची मुलगी तीन आठवडे खोकत होती. संध्याकाळी अंगात कणकण, कपडे सैल झालेले. "धुळीची ॲलर्जी आहे" म्हणायची. सेमिस्टर परीक्षा जवळ, हजेरी काठावर (त्यातले दोन दिवस माझ्या लेकीपायी गेलेले, हे मला नंतर कळलं). शेवटी लेक तिला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली. टीबी. फुप्फुसाचा.

होस्टेलचं उत्तर तेच, या वेळी जरा लांब. "वर्षभर घरी जा, बरी झालीस की ये." वर्षभर म्हणजे शिष्यवृत्ती गेली, वर्ग गेला, आणि तिच्या गावाकडचा अनुभव असा की एकदा परत आलेली मुलगी पुन्हा शिकायला जात नाही. त्यात घर तरी कुठे उघडं होतं? आईवडील दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला गुजरातेत निघालेले. पाड्यावरच्या घराला कुलूप.

लेकीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. खरं सांगतो, दोघांच्याही मनात पहिला विचार आपल्या पोरीचा. दोन वर्षं एका खोलीत झोपलेल्या. टीबी म्हटलं की आपल्या पिढीच्या पोटात गोळा येतो. आणि गल्फकराला दुसरी भीती. इथे रेसिडेन्स परमिटच्या वेळी मेडिकल कमिशनमध्ये छातीचा एक्स-रे काढताना आपण सगळे श्वास रोखून उभे राहिलोय. तिकडच्या मेडिकलला जुना, बरा झालेला डाग दिसला म्हणून अनफिटचा शिक्का बसून घरी राहिलेली माणसं आपण पाहिलीत. लेकीला पुढेमागे इकडे यायचं असलं तर? सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिनं आपल्या पोरीला रिक्षात घातलं तेव्हा पुढे काय होईल ते विचारत बसली नव्हती." ताटातला भात तसाच राहिला, पण ठरलं.

आधी लेकीची तपासणी. एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी लक्षणं समजावून सांगितली आणि पुन्हा तपासायची तारीख दिली. मग डॉक्टरांशी आम्ही इथून फोनवर अर्धा तास बोललो. त्यांनी सांगितलेलं तुमच्यासाठी उतरवून ठेवतो, कारण आपल्यातल्या शिकलेल्या लोकांचेही यात गोंधळ आहेत. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताटवाटीने, कपड्याने, हात मिळवल्याने नाही. बंद खोली वाईट, उघडी खिडकी चांगली. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या टीबीत नेमाने गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका जवळजवळ संपतो. गोळ्या मात्र सहा महिने, एक दिवस न चुकता, बरं वाटलं तरी. औषध सरकारी केंद्रात फुकट. २०१८ पासून पोषणासाठी महिना पाचशे रुपये खात्यावर येत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. वर्षभर घरी बसवायचं वैद्यकीय कारण काहीही नाही.

म्हणजे प्रश्न वर्षाचा नव्हताच. दोन-तीन आठवड्यांचा होता. पुन्हा एका खोलीचा.

मी परत दादांना फोन केला. या वेळी नाव जड होतं. दादा पलीकडे गप्प झाले. मला वाटलं, नाही म्हणणार, आणि म्हणाले असते तर मी त्यांना बोल लावला नसता. मग म्हणाले, "माझ्या बापाला झाल्ता. गावानं आमचं पाणी बंद केल्तं, मी सहावीत हुतो. किल्ली घे म्हणावं पोरीला. खिडक्या उघड्या ठेव म्हणावं, मच्छरदाणी कपाटात हाय."

तीन आठवडे ती तिथे एकटी राहिली. लेक आणि वर्गातल्या दोन मुली आळीपाळीने डबा दाराशी ठेवायच्या, ती आतून बोलायची, या जिन्यात बसून बोलायच्या. शेजारच्या काकूंचे यजमान वयस्कर, म्हणून त्या लांबूनच चौकशी करायच्या, पण रोज करायच्या. पहिल्या गोळ्यांनी लघवी लालसर झाली तेव्हा ती घाबरली, डॉक्टर म्हणाले औषधाचा रंग आहे, गोळ्या पोटात जातायत याची पावती समज :-) डॉक्टरांचं पत्र घेऊन मुलीच विभागप्रमुखांकडे गेल्या. पत्रात दोन ओळी होत्या: आता संसर्गाचा धोका नाही, वर्गात बसायला हरकत नाही. हजेरी वैद्यकीय कारणाने धरली गेली. होस्टेलने परत घेतलं, एका मोठ्या खिडकीच्या खोलीत. पहिले काही दिवस मेसमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसत नव्हतं. लेक बसायची. मग हळूहळू टेबल भरलं.

तिच्या गोळ्या चालू असतानाच जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचा गोंधळ झाला. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळा होस्टेलांचा आणि नव्या सोसायट्यांचा पट्टा. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याच्या मागे पोटाचा संसर्ग असतो, बहुतेक वेळा पाण्यातून किंवा कच्च्या अन्नातून. पुण्याच्याच एनआयव्हीला रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. लेकीचं होस्टेल शहराच्या दुसऱ्या टोकाला, तरी सगळ्यांनी पाणी उकळायला सुरुवात केली. त्यामुळे माझ्या शीटमध्ये आणखी एक रकाना आला: गच्चीवरच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या, तारीख सांगा.

एप्रिल २०२५ ला तिच्या गोळ्या संपल्या. थुंकी स्वच्छ, वजन सहा किलोने वाढलं. एक वर्षही वाया गेलं नाही. नंतरच्या कॅम्पस मुलाखतीत तिला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तिथलं मेडिकल पास झालं. एक्स-रेवर बारीकसा वण राहिलाय. गल्फचं दार तिला त्यामुळे कदाचित उघडणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "काका, चाकणला पण यंत्रंच असतात ना?"

तर मंडळी, आता मुद्द्याचं.

पहिलं. ॲडमिशन घेताना होस्टेलला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर शक्यतो ईमेलवर घ्या: आजारी मुलासाठी वेगळी खोली आणि बाथरूम आहे का. डबा आणि औषध कोण पोचवतं. डॉक्टरच्या पत्रावर हजेरी धरता का, आणि तसा लेखी नियम आहे का. पाण्याच्या टाक्यांची तारीख. एक्स-रे मशीनपेक्षा या गोष्टी स्वस्त आहेत. शंभर पालकांनी विचारलं तर पुढच्या वर्षी खोली निघते. एसी कसे निघाले? आपण विचारलं म्हणूनच.

दुसरं. मूल निघायच्या आधी लसींचं कार्ड काढून बसा. कांजिण्यांचे दोन डोस, एमएमआर (सरकारी लसीत गोवर-रुबेला असतं, गालगुंड नसतं, आणि होस्टेलला गालगुंड आवडतं), हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड. काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. कार्डाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये ठेवा. आणि लोकल गार्डियनच्या घरी कोण कोण आहे, कोणाला काय चालू आहे, हे आधीच बोलून घ्या. ऐन वेळी "नाही" म्हणायची पाळी मावशीवर आणू नका.

तिसरं, ज्यासाठी एवढं लांबण लावलं. आपल्यापैकी किती जणांचे फ्लॅट कोथरूड, बाणेर, वाकड, वारजे, नाशिक, नागपूरला कुलूपबंद आहेत? मेंटेनन्स आपण भरतोच. गॅसचा सिलिंडर, दोन गाद्या, एक बादली आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली, एवढं असलं की ते घर दहा-वीस दिवसांसाठी कोणाच्या तरी पोराचं घर होऊ शकतं. अटी स्पष्ट ठेवू: आजाराचं नाव आधी सांगायचं, डॉक्टरचं पत्र दाखवायचं, शेजाऱ्यांना विश्वासात घ्यायचं, जाताना घर पुसून द्यायचं. आणि ही सोय फक्त आपल्या मुलांसाठी नको. ज्यांच्या पाड्यावरच्या घराला ऊसतोडीच्या दिवसांत कुलूप असतं, त्यांना रूममेट म्हणून आपलीच मुलं भेटतात.

ज्यांची तयारी असेल त्यांनी मला वेगळं लिहा, शहर आणि विभाग तेवढा कळवा. पत्ता इथे टाकू नका. आत्तापर्यंत माझ्याकडे दोन नावं आहेत, एक दादांचं आणि एक आमचं. नाशिकच्या आमच्या फ्लॅटची किल्ली आता तळमजल्यावरच्या आजींकडे आहे, आणि मच्छरदाणी कपाटात ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शमालकर